‘सेट’ : एका इंग्रजी शब्दाची दोन कुळे

रोमान याकोब्सन यांचा भाषाशास्त्र आणि काव्यशास्त्र यांच्या संबंधाविषयीचा निबंध पदव्युत्तर वर्गात नित्य वाचला जातो. १९५८ साली इंडियाना विद्यापीठात भरलेल्या परिषदेच्या समारोपाचे ते भाषण १९६० साली ग्रंथरूपात प्रसिद्ध झाले. त्यात भाषेच्या काव्यात्म कार्याची व्याख्या करताना याकोब्सन यांनी ‘सेट’ हा शब्द योजला आहे, आणि त्याच्याच शेजारी कंसात ‘आइनश्टेलुंग’ हा जर्मन शब्द ठेवला आहे. विद्यार्थी हा शब्द पाहतो, ‘सेट’ म्हणजे संच हे त्याला शालेय गणितापासून ठाऊक असते, आणि काव्यात्म कार्य म्हणजे संदेशाचा कसला तरी संच असा अर्थ तो मनाशी बांधतो. वाक्य पुढे सरकते. अर्थ मात्र जागीच राहतो. कंसातील जर्मन शब्दाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. वस्तुतः तो शब्द तेथे याच घोटाळ्यावरचा उतारा म्हणून ठेवलेला असावा.

अपरिचित शब्दामुळे अशी चूक होत नाही, कारण अपरिचित शब्द दिसला की वाचक कोश उघडतो. येथे फसवणूक होते ती अतिपरिचयामुळे. म्हणून ‘सेट’ या तीन अक्षरी रोमन लेखनाच्या आड किती अर्थ दडले आहेत, ते एका मुळाचे आहेत की अनेक मुळांचे, आणि त्यांची गणना कोणत्या अर्थाने करता येते, हे थोडे तपशिलात पाहणे उपयुक्त ठरेल.

इंग्रजी कोशकारांना या शब्दाचा धाक फार पूर्वीपासून वाटत आला आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, ज्यांचा अर्थ इतका सैल आणि सर्वसामान्य झाला आहे की त्याला कोठे पकडावे हेच कळू नये, अशा क्रियापदांची एक यादी दिली आहे. ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ यांच्या पंक्तीत ‘सेट’ही आहे. यांपैकी एकट्या ‘टेक’चे त्यांनी १३४ अर्थ नोंदवले. पुढे १८८४ ते १९२८ या काळात खंडशः प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्ड कोशात ‘सेट’चा भाग हेन्री ब्रॅडली यांच्या वाट्याला आला. त्या नोंदीचे मुख्य विभागच १५४ झाले. आणि शेवटच्या ‘सेट अप’ या विभागाच्या पोटभेदांना क्रमाक्षरे देता देता रोमन वर्णमाला संपली, तेव्हा जोडाक्षरांनी दुसरी फेरी सुरू करावी लागली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या क्रियापदाला सुमारे ६०,००० शब्दांची जागा आणि ४३० हून अधिक अर्थ मिळाले. इंग्रजीतील सर्वाधिक अर्थांचा शब्द म्हणून त्याची जी ख्याती झाली ती या आवृत्तीमुळे.

पण ही ख्याती किती तकलादू आहे हे लगेच दिसून आले. तिसऱ्या आवृत्तीसाठी कोशाचे पुनःसंपादन ‘एम’ या अक्षरापासून आरंभण्यात आले. परिणामी २००० साली ‘मेक’ची नोंद सर्वांत मोठी झाली, २००७ साली ‘पुट’ने तिला मागे टाकले, आणि २०११ साली ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले जाऊन पहिला मान त्याच्याकडे गेला. या एका नोंदीवर संपादक पीटर गिलिव्हर यांनी सुमारे नऊ महिने खर्च केले. आता या दशकभरात इंग्रज माणसे ‘सेट’ कमी वापरू लागली होती आणि ‘रन’ अधिक, असे काही झाले नव्हते. बदलला होता तो संपादनाचा क्रम, पुराव्याचा साठा आणि अर्थाचे काप किती बारीक काढावयाचे याचा संकेत. तेव्हा कोशातील अर्थसंख्या ही शब्दाच्या अंगची संख्या नव्हे. शब्द आणि कोशकार यांच्या भेटीतून ती निष्पन्न होते. नदीचा किनारा किती लांब, याचे उत्तर जसे मोजपट्टी किती आखूड यावर अवलंबून राहते, तसाच हा प्रकार आहे.

संख्येपेक्षा इतिहास अधिक बोलका आहे. ‘सेट’ हे क्रियापद प्राचीन इंग्रजीत ‘सेट्टन’ असे होते. गॉथिक भाषेत त्याचे रूप ‘सत्यन्’, आजच्या जर्मनमध्ये ‘झेट्सेन’. हे मुळात प्रयोजक क्रियापद होय. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ म्हणजे बसावयास लावणे, अर्थात् बसवणे. संस्कृतात ‘सद्’ धातूची ‘सीदति’ आणि ‘सादयति’ ही रूपे ज्या नात्याने उभी आहेत, तेच नाते येथे आहे. आणि धातूही तोच आहे. जर्मानिक शाखेत मूळच्या ‘द’चा ‘ट’ झाला, जसा ‘दश’च्या जोडीला ‘टेन’ आणि ‘पद्’च्या जोडीला ‘फुट’ येथे दिसतो. प्रयोजकाचा ‘य’ हा प्रत्यय पुढे लोप पावला. मात्र जाताना त्याने दोन खुणा मागे ठेवल्या. त्याच्या संसर्गाने आधीच्या ‘त’चे द्वित्व झाले, आणि त्याआधीच्या ‘अ’चा ‘ए’ झाला. प्राकृतात ‘योग्य’चे ‘जोग्ग’ होते त्याची येथे आठवण यावी, जरी दोन्हीकडची प्रक्रिया अगदी एक नाही. ‘लाय’ आणि ‘ले’, ‘फॉल’ आणि ‘फेल’ (झाड पाडणे) या जोड्याही याच कारखान्यातून बाहेर पडल्या आहेत. मराठीत ‘पड–पाड’, ‘मर–मार’ या जोड्यांत स्वरभेदाने प्रयोजकत्व दर्शवले जाते, त्याच्याशी हे बरेच मिळतेजुळते आहे.

‘उपनिषद्’, ‘परिषद्’, ‘संसद’, ‘सभासद’ या शब्दांत हाच ‘सद्’ धातू बसलेला आहे. मराठीतील ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून प्राकृतातून आले आहे, हे विसरून चालणार नाही, उच्चारातील ‘स’काराच्या साम्यावरून त्याचा ‘सद्’शी संबंध जोडणे चुकीचे होईल.

‘सेट’च्या अर्थविस्ताराला त्याच्या रूपानेही हातभार लावलेला दिसतो. ‘सेट्टन’चा भूतकाळ ‘सेट्टे’ होता. अंत्य स्वर झिजल्यावर वर्तमानकाळ, भूतकाळ आणि धातुसाधित विशेषण ही तिन्ही रूपे एकच होऊन बसली. ‘पुट’, ‘कट’, ‘लेट’, ‘शट’ यांचेही असेच झाले. क्रियापद, विशेषण आणि नाम यांच्यामधील रूपाची कुंपणे अशी मोडून पडली, की एका वर्गातील अर्थ दुसऱ्या वर्गात शिरण्यास फारसा अडथळा उरत नाही. ‘ठरलेली किंमत’ या अर्थी विशेषण, ‘किंमत ठरवली’ या अर्थी क्रियापद आणि ‘ठेवण’ या अर्थी नाम, या सर्वांना एकच वेष.

आता अर्थांकडे वळता येईल. ‘बसवणे, जागी ठेवणे’ हा गाभा धरला की पुष्कळसे अर्थ एकेका पायरीने उलगडतात. खडा कोंदणात बसवणे, मोडलेले हाड जागी बसवणे, रोप जमिनीत लावणे, जेवणाच्या मेजावर पाने मांडणे, छापखान्यात खिळे जुळवणे, या सर्वांत एक वस्तू आहे, तिची एक योग्य जागा आहे, आणि ती वस्तू त्या जागी आणण्याची क्रिया आहे. योग्य जागेची ही कल्पना फार महत्त्वाची होय. ‘पुट’मध्ये ती नाही. चमचा कोठेही ठेवला तरी ‘पुट’ म्हणता येते. ‘सेट’ म्हटले की त्या चमच्याला एक नेमलेली जागा आहे असे सूचित होते. करवतीला ‘सेट’ देणे म्हणजे तिचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवणे, जेणेकरून लाकडात पाते अडकणार नाही. तेथेही दाताला नेमका कोन द्यावयाचा असतो. घड्याळ लावणे म्हणजे काट्यांना नेमकी जागा देणे. सापळा लावणे म्हणजे त्याच्या भागांना झेप घेण्याच्या तयारीत आणून ठेवणे.

जागा स्थलातून कालात आणि कालातून नियमात सरकते, तेव्हा दुसरी शाखा फुटते. तारीख मुक्रर करणे, किंमत ठरवणे, मर्यादा घालणे, प्रश्नपत्रिका काढणे, उदाहरण घालून देणे. वस्तू मूर्त राहिली नाही, पण नेमणूक राहिली. शब्दांना चाल लावणे हेही येथेच येते. शब्द स्वरांच्या ठराविक जागी बसवले जातात, आणि मराठीतही ‘गाणे बसवणे’ असे म्हणतातच.

तिसरी शाखा स्थितीची. एखाद्याला केवळ जागी नव्हे, एखाद्या अवस्थेत नेऊन ठेवणे : मुक्त करणे, आग लावणे, कामाला लावणे. अभ्यासकाला चक्रावून टाकणारी गोष्ट येथे दिसते. जो शब्द स्थिर करण्याचा वाचक, तोच गती देण्याचाही वाचक होतो. ‘सेट’ म्हणजे घट्ट, अचल; आणि ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणे. हा विरोध केवळ दिसण्यापुरता आहे. गतिमानता हीही एक अवस्था आहे, आणि त्या अवस्थेत वस्तूला नेऊन ठेवता येते. चाक चालू करणे म्हणजे त्याला चालण्याच्या स्थितीत बसवणे. ‘स्वतःला वाटेला लावणे’ अशा रचनेतील ‘स्वतःला’ हे कर्म गळून गेले की ‘वाटेला लागणे’ उरते. मराठीत ‘लावणे’ आणि ‘लागणे’ हे काम दोन रूपांत वाटून घेतात. इंग्रजीत एकाच रूपाला दोन्हीकडे धावावे लागते.

अकर्मक प्रयोगांची शाखाही अशीच तयार झाली. मेणाचे, मुरब्ब्याचे, चुन्याचे घट्ट होणे या अर्थी ‘सेट’ येतो, कारण त्या पदार्थाचे कण जणू आपापल्या जागी बसतात. सिमेंटच्या शास्त्रात ‘सेटिंग’ आणि ‘हार्डनिंग’ यांत काटेकोर भेद मानला जातो : पहिल्यात लगदा आपला ओघळेपणा सोडतो, दुसऱ्यात त्याला बळ येत जाते. भारतीय मानकांनुसार साधे पोर्टलंड सिमेंट पहिली ३० मिनिटे तरी मऊ राहिले पाहिजे आणि ६०० मिनिटांच्या आत पूर्ण बसले पाहिजे. सूर्याच्या बाबतीत प्राचीन इंग्रजीत ‘सेट्लगांग’ असा एक सुंदर शब्द होता. ‘सेट्ल’ म्हणजे आसन. सूर्य आसनाकडे जातो तो सूर्यास्त. मध्ययुगीन इंग्रजीत ‘सेट’ हे क्रियापद हा अर्थ उचलताना दिसते. संस्कृत ‘अस्त’ शब्दात घराकडे जाण्याची कल्पना आहे. दोन भाषांनी संध्याकाळच्या सूर्याला विश्रांतीच दिली. शिकारी कुत्र्यांपैकी ‘सेटर’ हा सावज हुंगताच दबून बसतो, म्हणून त्याचे ते नाव. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते की बसवली जाते, याविषयी मात्र इंग्रजी बोलींत आजही एकमत नाही. तेथे ‘सिट’ आणि ‘सेट’ यांची सरमिसळ झाली असून व्याकरणकारांनी कितीही रागावले तरी ती हटत नाही.

येथवरचे सारे अर्थ एका कुळाचे. आता टीसेट, सोफासेट, पुस्तकांचा सेट यांतील नामाचा विचार करता सहजच वाटते की जुळवून ठेवलेल्या वस्तू त्या ‘सेट’. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही असेच वाटते. व्युत्पत्ती वेगळे सांगते. समूहवाचक ‘सेट’ हा प्राचीन फ्रेंचमधील ‘सेत्त’ या शब्दातून आला, आणि तो लॅटिन ‘सेक्ता’पासून. ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायी, पंथ. त्यामागील क्रियापद ‘सेक्वी’ म्हणजे मागून जाणे. संस्कृतातील ‘सच्’ धातू, ‘सचते’ हे रूप आणि सोबत राहणारा तो ‘सचिव’ हे याच मुळाचे. पंथवाचक ‘सेक्ट’ हा ‘सेट’चा सख्खा भाऊ, ‘सूट’ आणि ‘स्वीट’ (खोल्यांची मालिका) हे शब्दही ‘सेक्वी’च्याच वंशातले. म्हणजे दिवाणखान्यातील सोफासेट आणि अंगावरचा सूट यांचे नाते जवळचे आहे. सोफासेट आणि सोनाराचे ‘सेटिंग’ यांचे नाते मात्र उच्चारापुरते.

निदान आरंभी ते तसे होते. माणसांचा एक गट, एका मताने चालणारे लोक, हा जुना अर्थ ओसरत गेला, आणि ‘एकत्र मांडलेल्या वस्तू’ असा अर्थ क्रियापदाच्या छायेत वाढत गेला. बोलणाऱ्यांनी दोन कुळे एक मानली, त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार सुरू झाला, आणि आज पुष्कळ प्रयोगांत वंश कोणता हे सांगणे कठीण झाले आहे. टेनिसमधील सेट, नृत्यातील जोड्यांचा सेट हे समूहाकडे झुकतात. नाटक-सिनेमाचा ‘सेट’ मांडणीकडे झुकतो. रेडिओचा ‘सेट’ दोन्हीकडे हात धरून उभा आहे : जुळवलेल्या भागांचा तो समूहही आहे आणि मांडणीही.

या ठिकाणी भाषाशास्त्रातील एक जुना प्रश्न समोर येतो. अनेकार्थता आणि समरूपता यांची सीमा कोठे आखावयाची? एका शब्दाचे अनेक अर्थ, की अनेक शब्दांचे एक रूप? मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या आपल्या अर्थविचारावरील ग्रंथात अनेकार्थतेला स्वतंत्र नाव देऊन तिची चर्चा केली, तेव्हापासून पाश्चात्त्य अभ्यासकांत हा वाद चालू आहे. भारतीय वैयाकरणांना तो त्याहून कितीतरी आधी परिचित होता. अर्थभेद झाला की शब्दभेद मानावा, असा एक पक्ष. शब्द एकच, अर्थशक्ती अनेक, असा दुसरा. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात दोन्ही पक्षांची मांडणी केली आहे.

व्युत्पत्तीच्या निकषावर ‘सेट’चे दोन शब्द होतात. बोलणाऱ्याच्या जाणिवेच्या निकषावर बहुधा एकच होतो. तिसरा निकष वाक्यरचनेचा. ‘त्याने भाकरी, मार आणि पैसे खाल्ले’ हे मराठी वाक्य ऐकताच हसू येते, कारण एका क्रियापदाला तीन निरनिराळ्या अर्थांचे जू ओढावयास लावले आहे. इंग्रजीत मेज आणि सापळा ही दोन कर्मे एकाच ‘सेट’ला जोडली तर असाच विनोद होतो, मेज आणि त्यावरचे ताट जोडले तर होत नाही. जेथे हसू येते तेथे अर्थाची फट आहे, असे ढोबळपणे म्हणता येईल. पण ही कसोटीही निर्णायक नव्हे. सवय झाली की हसू येईनासे होते, आणि कवी तर अशा फटी बुजवण्यासाठीच बसलेले असतात.

तिन्ही निकष तीन उत्तरे देतात याचा अर्थ प्रश्न निरर्थक आहे असा नाही. प्रत्येक निकष वेगळ्या गोष्टीविषयी बोलतो, एवढेच : एक शब्दाच्या भूतकाळाविषयी, दुसरा भाषकाच्या मनाविषयी, तिसरा वाक्याच्या घडणीविषयी. ज्या प्रबंधांत हे तिन्ही एकाच परिच्छेदात मिसळलेले दिसतात, त्यांत गोंधळाचे मूळ सहसा येथेच सापडते.

मग शेकडो अर्थांचे हे ओझे घेऊन भाषा चालते कशी? जॉर्ज किंग्स्ली झिफ यांनी १९४५ साली दाखवले की शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. अर्थांची संख्या साधारणतः वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे घोटाळ्याची सर्वाधिक शक्यता असलेले शब्दच सर्वाधिक वापरले जातात, आणि तरीही व्यवहार बिघडत नाही. याचे उत्तर भर्तृहरीच्या त्या प्रसिद्ध यादीत मिळते, जीत संदिग्ध शब्दाचा अर्थ निश्चित करणारी साधने सांगितली आहेत : संयोग, वियोग, साहचर्य, विरोध, प्रयोजन, प्रकरण, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल इत्यादी. जेवताना ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावयाचे आणि निघताना म्हटले तर घोडा, हे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘सेट’ला ही साधने जशीच्या तशी लागू पडतात. हाड शेजारी आले की वैद्याचा अर्थ, खडा शेजारी आला की सोनाराचा. ही शब्दांतराच्या सान्निध्याची उदाहरणे. संध्याकाळचा प्रसंग असेल तर सूर्याचा, तो काल. बांधकामावर असेल तर सिमेंटचा, तो देश. ब्रेआल यांचेही निरीक्षण याच दिशेचे आहे : ऐकणाऱ्याला नको असलेले अर्थ बाजूला सारण्याचे कष्ट पडत नाहीत, कारण ते त्याच्या मनात उगवतच नाहीत.

मराठी भाषकाला ‘सेट’चे नवल वाटण्याचे एक कारण असे की तो त्याच्याकडे अनुवादाच्या चष्म्यातून पाहतो. मोल्सवर्थ व कँडी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशापासून पुढील सर्व द्वैभाषिक कोशांची पद्धत प्रतिशब्द देण्याची आहे, आणि ते स्वाभाविकच होय. परंतु प्रतिशब्दांची यादी म्हणजे अर्थांची यादी नव्हे. ‘सेट’साठी मराठीत बसवणे, लावणे, मांडणे, जुळवणे, ठरवणे, काढणे असे अर्धा डझन शब्द लागतात, यावरून इंग्रजी शब्दाचे सहा तुकडे आहेत असे ठरत नाही, मराठीने ते क्षेत्र सहांत वाटले आहे, इतकेच ठरते. उलट दिशेने पाहिले तर हे चटकन ध्यानात येते. गणपती बसवतात, घट बसवतात, नळ बसवतात, नाटक बसवतात, कर बसवतात, धाक बसवतात, जम बसवतात, कवळी बसवतात. धूळ बसते, विश्वास बसतो, धक्का बसतो, घसा बसतो, आणि पावसात भिंतही बसते. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला यांतील प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद शोधावे लागेल, आणि मराठी भाषा अनावर अनेकार्थी आहे अशी तक्रार तोही करील. दोन भाषांतील प्रयोजकांनी, एकमेकींपासून काहीही न घेता, हाड आणि खडा मात्र सारखाच बसवला आहे. तेथे दोघींचे एकमत व्हावे, कारण दोन्हीकडे जागा आधीच ठरलेली असते.

मराठीत उसना आलेला ‘सेट’ हा आणखी वेगळाच विषय आहे. टीसेट, दागिन्यांचा सेट यांत नाम आले. केस ‘सेट करणे’ यात क्रियापद आले. आणि मुलगा परदेशी ‘सेट झाला’ यात ‘सेटल’ या शब्दाचे शेपूट तुटले की ‘सेट’चाच अर्थ वाढला, हे सांगणे अवघड आहे. ‘सेटल’ हाही त्या आसनवाचक ‘सेट्ल’पासूनचाच, म्हणजे कुळ एकच. महाराष्ट्र आणि गोवा येथे अध्यापक होऊ इच्छिणाऱ्यांना ज्या पात्रता परीक्षेला बसावे लागते ती ‘सेट’ मात्र तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांची. तिला ना ‘सद्’ धातूशी देणेघेणे, ना ‘सच्’शी. ‘सेट झाली का?’ या प्रश्नाला विद्यापीठाच्या आवारात एकच अर्थ असतो. तो देशाचा प्रभाव.

शास्त्रीय परिभाषेत प्रकरण बदलते. तेथे संदर्भाने अर्थ निवडण्याची सवड वाचकाला नसते, कारण संदर्भच त्याला नवा असतो. गेओर्ग कँटर यांनी १८७४ पासून ज्या सिद्धान्ताचा पाया घातला, त्यातील जर्मन ‘मेंगे’ या शब्दाला इंग्रजीत लगेच ‘सेट’ म्हणत नसत. कँटर यांच्या लेखांचा फिलिप जर्डेन यांनी १९१५ साली केलेला अनुवाद ‘अ‍ॅग्रिगेट’ हा शब्द वापरतो. बर्ट्रंड रसेल यांचा शब्द ‘क्लास’ होता. ‘सेट’ मागाहून रूढ झाला, आणि मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याला ‘संच’ हा प्रतिशब्द दिला. हे भाषांतर चोख आहे, कारण गणिताने समूहकुळातील ‘सेट’ उचलला होता.

मानसशास्त्राने दुसऱ्या कुळातला उचलला. एका पद्धतीने काही गणिते सोडवली की पुढच्याची सोपी रीत डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही, हे अब्राहम लुचिन्स यांनी १९४२ साली पाण्याच्या भांड्यांच्या कूटप्रश्नांनी दाखवले. मनाच्या या ठरून गेलेल्या रोखाला जर्मन मानसशास्त्रात ‘आइनश्टेलुंग’ म्हणत, इंग्रजीत ‘सेट’ म्हणू लागले. जर्मन शब्दातील ‘श्टेलेन’ म्हणजे ठेवणे, लावणे. दुर्बीण एखाद्या ताऱ्यावर लावावी तसे मन एखाद्या दिशेला लावलेले असते. हा ‘सेट’ म्हणजे संच नव्हे. तो कल, रोख, अभिमुखता आहे.

खुद्द भाषाशास्त्रात दोन्ही कुळे शेजारी नांदतात. मायकेल हॅलिडे यांनी १९६६ च्या लेखात व्याकरणातील ‘सिस्टिम’च्या तोडीला शब्दस्तरावर ‘सेट’ ही संज्ञा ठेवली : एकाच प्रकारच्या शब्दसंगतीत येऊ शकणाऱ्या शब्दांचा गट. जॉन वेल्स यांनी १९८२ साली इंग्रजी उच्चारभेदांच्या वर्णनासाठी शब्दांचे २४ ‘सेट’ कल्पिले, ज्यांतील प्रत्येकात एका स्वराचे शब्द एकत्र येतात. या दोन्ही ठिकाणी ‘शब्दसंच’ म्हणणे योग्यच. याकोब्सन यांच्या निबंधात मात्र ‘संच’ घातल्याबरोबर व्याख्या कोसळते. तेथे त्यांना म्हणावयाचे आहे ते असे, की बोलण्याचा रोख जेव्हा बोलणाऱ्याकडे, ऐकणाऱ्याकडे किंवा विषयाकडे नसून खुद्द संदेशाकडे, त्याच्या घडणीकडे वळतो, तेव्हा भाषेचे काव्यात्म कार्य घडते. त्याच निबंधात भावनात्म कार्य बोलणाऱ्याकडे आणि आवाहक कार्य ऐकणाऱ्याकडे रोखलेले असते, हे मागच्या परिच्छेदांतून आलेलेच असते. ‘रोख’ हा शब्द घातला की सहाही कार्ये एका ओळीत उभी राहतात. ‘संदेशाभिमुखता’ ही संज्ञा थोडी जड आहे, तरी तीत दिशा आहे. ‘संदेशाकडे रोख’ ही अधिक मराठी आहे, आणि वर्गात तीच आधी सांगावी.